पाचव्या मिनिटाचा रंग

दुपारचे चार वाजले की थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं. हे दुखणं डॉक्टरकडे नेण्यासारखं नव्हतं. चार वाजता तिचे वडील पलंगावरून उठत, केस विंचरत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि दोन मजले चढून धाकटीच्या घरी मासे बघायला जात. शर्ट थोरलीने धुतलेला, इस्त्री थोरलीची, दुपारचं औषध थोरलीने हातावर ठेवलेलं. आणि एवढं सगळं करून घेतल्यावर माणूस निघाला धाकटीकडे.

थोरलीचं ड्रायक्लीनिंगचं दुकान तळमजल्यावर होतं आणि घर त्याच्या वर, पहिल्या मजल्यावर. धाकटी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची, सकाळची पाळी करून तीनपर्यंत घरी यायची. दुकानामागच्या मोकळ्या जागेत थोरली चादरी वाळत घालत असली की वरच्या खिडकीतून बाबांचं बोलणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत, पण बोलणं भरपूर असायचं. खाली थोरलीच्या घरात हाच माणूस दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन मिठाबद्दल असायची.

"त्यांना माशांचं वेड आहे, तुला काय त्याचं?" थोरलीचा नवरा म्हणायचा. तो बस चालवायचा, आणि समोर रस्ता मोकळा असेल तर जगात सगळं ठीक आहे असं त्याचं एकूण मत होतं.

माशांचं वेड आहे हे थोरलीला मान्य नव्हतं. पंचाहत्तर वर्षांत ज्या माणसाने कधी मांजर पाळलं नाही, त्याला अचानक पाच सोनमाशांचा पुळका कुठून आला? बाबांना वेड होतं ते धाकटीचं. ते आधीपासूनच होतं. लहानपणी धाकटी पडली की बाबा धावायचे आणि थोरली पडली की म्हणायचे, "ऊठ, तुला काही होत नाही." तिला खरंच काही होत नसे. पण पन्नाशी आली तरी हे वाक्य तिच्या अंगातून गेलेलं नव्हतं.

मग धाकटीला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ती किल्ली आणि एक चिठ्ठी घेऊन खाली आली.

"ताई, फार काही नाहीये. दिवसातून एकदा चिमूटभर खाणं. चार वाजता बाबांना घेऊन जा, ते पाणी तपासायच्या नळीचा रंग बघतील. बाकी सगळं लिहिलंय."

चिठ्ठीत बरंच लिहिलं होतं. मासे जे खातात आणि टाकतात त्यातून पाण्यात अमोनिया होतो. अमोनिया माशांना विषासारखा. टाकीतल्या पंपाला जो काळा स्पंज आहे त्यात बारीक जंतू वाढलेले असतात, ते हा अमोनिया खाऊन टाकतात. म्हणून, आणि इथे धाकटीने दोनदा रेघ ओढली होती, स्पंज कितीही घाण दिसला तरी नळाखाली धुऊ नकोस. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते जंतू मरतात. फारच तुंबला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच बुचकळून परत लाव.

थोरलीने चिठ्ठी दोनदा वाचली. बावीस वर्षं ती लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढत होती. घामाचे, रक्ताचे, शाईचे, कोटाच्या कॉलरवरचे कुणीच कबूल न केलेले डाग. तिच्या दुकानातून एकही कपडा मळका परत गेला नव्हता. आणि धाकटी तिला लेखी कळवत होती की घाण दिसली तरी धुऊ नकोस. अमोनिया काय असतो हेही ती तिला शिकवत होती. थोरलीच्या दुकानात फळीवर अमोनियाची बाटली उभी होती; झाकण काढलं की नाकातून डोक्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. अशी वस्तू टाकीत असती तर तिला तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरच कळलं असतं.

पहिल्या दिवशी चारला ती बाबांबरोबर वर गेली. धाकटीची खोली लहान, नीटनेटकी. टाकी खिडकीशेजारी टेबलावर, समोर दोन खुर्च्या. त्यातली उशीवाली खुर्ची बाबांची होती, हे त्यांनी न विचारता तिच्यात बसून दाखवलं. मग विधी सुरू झाला. काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात एका बाटलीतले आठ थेंब आणि दुसऱ्या बाटलीतले आठ थेंब टाकायचे, बूच लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पाचव्या मिनिटाला जो रंग येईल तो शेजारच्या कार्डावरच्या रंगांशी ताडून बघायचा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही. पिवळ्यात हिरवा उतरायला लागला की काळजी. पुरता हिरवा म्हणजे मासे संकटात.

हे बाबांचं काम होतं. छत्तीस वर्षं ते रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायला होते. गिऱ्हाईक भिंतीच्या रंगाचा एवढासा कपचा आणायचं आणि बाबा डब्यात ढवळत ढवळत म्हणायचे, काळा अजून अर्धा थेंब. त्यांनी नळी कार्डाजवळ धरली, मान तिरकी केली.

"पिवळा," ते म्हणाले. "स्वच्छ पिवळा."

"हो," थोरली म्हणाली. तिला वाटलं आता बोलतील. ते बोलले, पण माशांशी. सगळ्यात मोठ्या माशाला ते 'साहेब' म्हणत. साहेबाला त्यांनी झोप लागली का विचारलं, ऊन लागतंय का विचारलं. थोरली खुर्चीत बसून ऐकत राहिली. तिच्या झोपेची चौकशी या माणसाने शेवटची कधी केली होती, ते तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः नळी भरली आणि बाबांच्या हातात दिली, तर ते म्हणाले, "धाकटी जरा खालून धरते. बुडाशी."

बस्स. एवढंच म्हणाले. पण थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, बाबा पेपर वाचत असताना ती एकटीच किल्ली घेऊन वर गेली. तिने पंप बंद केला, काळा स्पंज बाहेर काढला आणि बेसिनमध्ये नळाखाली धरला. तपकिरी पाणी वाहायला लागलं. ती पिळत गेली, पाणी येत गेलं. साबण वापरला नाही, तेवढी अक्कल तिला होती. पण चिठ्ठी तिने वाचलेली होती, रेघा तिने बघितलेल्या होत्या, आणि हात चालू असताना दोन्ही तिच्या डोळ्यांपुढे होत्या. मासे मरावेत असं तिच्या मनात नव्हतं. धाकटी परत आल्यावर तिने टाकी बघावी आणि गप्प बसावं, एवढंच तिला हवं होतं. स्पंज नवा दिसायला लागल्यावर तिने तळातले खडेही काढून धुतले, आणि चार बादल्या पाणी बदलून टाकलं.

चारला बाबा आले आणि टाकीसमोर उभेच राहिले.

"यात पाणी आहे ना?" ते म्हणाले.

असं कौतुक थोरलीला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. रात्री जेवताना तिने नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

चौथ्या दिवशी नळी पिवळी होती. पाचव्या दिवशी तिच्या डोळ्याला जरा हिरवट वाटली. तिने बाबांकडे बघितलं.

"पिवळा," बाबा म्हणाले.

छत्तीस वर्षं अर्धा थेंब ओळखणारा माणूस पिवळा म्हणतोय, तिथे आपण कोण? थोरलीने निःश्वास टाकला. सहाव्या दिवशी नळी चांगलीच हिरवी दिसली. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते, त्यांच्या कल्ल्यांच्या कडा लाल झाल्या होत्या, आणि साहेब तळाशी पंख मिटून बसला होता.

"बाबा, नीट बघा."

"पिवळा आहे गं. भूक लागली असेल त्यांना."

तिने आणखी एक चिमूट खाणं टाकलं. खरं तर तिला त्या क्षणी कळलं होतं. पण वडिलांचा शब्द तिच्या सोयीचा होता, आणि सोयीच्या शब्दावर विश्वास ठेवायला फार कष्ट पडत नाहीत. तिने टाकीवर वाकून वास घेतला. दुकानातल्या बाटलीसारखा वास कुठेच नव्हता.

सातव्या दिवशी सकाळी सगळ्यात लहान मासा पाण्यावर आडवा तरंगत होता.

थोरलीने दुकान उघडायच्या आधी धाकटीला फोन लावला. मासा मेला, एक मेला, बाकीचे वर येऊन श्वास घेतायत, असं तिने सांगितलं.

"रंग काय येतोय?"

"बाबा पिवळा म्हणतात."

"आणि तुला काय दिसतो?"

"हिरवा."

"कधीपासून?"

"परवापासून."

"ताई, अगं परवापासून? मग काल का नाही केलास फोन?"

"बाबा पिवळा म्हणतात तर मी काय करू?"

"ताई, बाबांना तो फरक दिसत नाही. दोन वर्षं होत आली. मोतीबिंदू असणार, पण विषय काढला की खोली सोडून जातात. मी त्यांच्याकडून वाचून घेते, हो म्हणते, आणि ते खाली गेले की परत खिडकीशी धरून बघते. तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं तुला माहीत असेल. तुमच्याच घरात राहतात ना."

थोरली काउंटरला टेकून उभी राहिली. तिला मेलेल्या माशाचं वाईट वाटायला हवं होतं. पण त्या वेळी तिला जे वाटलं ते स्पष्ट सांगायचं तर मत्सरच होता, आणि आजवरच्या सगळ्या मत्सरापेक्षा मोठा. बाबा तिच्या घरात झोपत होते, तिच्या हातचं जेवत होते. निळ्या पँटवर हिरवट शर्ट घालून निघायचे तेव्हा ती त्यांना बावळट म्हणून शर्ट बदलायला लावायची. आणि त्यांना रंग दिसत नाहीत हे माहीत होतं धाकटीला.

"स्पंज धुतलास का?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"बरं," धाकटी म्हणाली. "धुतला असो की नसो, आता असं कर. खाणं पूर्ण बंद. आज आणि उद्या सकाळ-संध्याकाळ अर्धं पाणी बदल, पण बादलीत आधी ते क्लोरीन मारायचं औषध टाक, टेबलाखाली आहे. माझ्या दवाखान्यात, लोक थांबतात त्या खोलीत टाकी आहे. तिथल्या बाईंना मी सांगते, त्या त्यांच्या जुन्या स्पंजातला अर्धा तुकडा देतील. तो ओलाच आण आणि आपल्या पंपाला लाव. आणि धुऊ नकोस."

शेवटचे तीन शब्द तिने हळू म्हटले. थोरलीच्या कानाला ते चांगलेच लागले. धाकटीने खोटं पकडलं होतं आणि मोठ्या मनाने सोडून दिलं होतं. थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली ती नेमकी या मोठ्या मनामुळे.

ती दवाखान्यात गेली, प्लास्टिकच्या डब्यात तो चिकट, काळा, घाण वास मारणारा तुकडा घेऊन आली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक मळकी वस्तू जपून, दोन्ही हातांनी धरून तिने घरात नेली. पंपाला लावली. अर्धं पाणी बदललं. चारपर्यंत तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता.

चारला बाबा आले. मासे चारच आहेत हे त्यांनी मोजून बघितलं. उशीवाल्या खुर्चीत बसले. थोरलीने नळी भरली, थेंब टाकले, हलवली. पाच मिनिटं गेली. मग तिने नळी त्यांच्या हातात दिली. रंग अजूनही हिरवा होता, पाणी बदलूनही.

तिने ठरवलं होतं की धाकटीसारखंच करायचं. ते पिवळा म्हणतील, आपण हो म्हणायचं. एवढं काय अवघड आहे? धाकटी दोन वर्षं करते ते आपल्याला एक दिवस जमणार नाही?

बाबांनी मान तिरकी केली नाही. नळी कार्डाजवळ नेलीच नाही. त्यांनी ती तिच्याकडे परत केली.

"कोणता आहे?"

"तुम्ही सांगा ना."

"मला सगळंच पिवळं दिसतं," बाबा म्हणाले. "भिंत पिवळी, तुझ्या चादरी पिवळ्या. माझ्या हिशेबाने ही टाकी दोन वर्षं ठणठणीत आहे. तू सांग."

"मग धाकटीला का नाही सांगितलंत?"

"तिला वाटतं मला कळत नाही. मी गेलो की ती परत बघते, ती नळी परत टेबलावर ठेवल्याचा आवाज मला जिन्यात येतो. तिला बरं वाटतं त्यात. मी कामाचा आहे असं मला वाटावं म्हणून धडपडते बिचारी. असू दे." ते जरा थांबले. "पण तिला विचारून काय उपयोग? ती गोडच सांगणार. तुझं तसं नाही. तू कधी माझं मन राखलं नाहीस. सांग, कोणता?"

हे कौतुक आहे की टोमणा, हे ठरवायला थोरलीला वेळ नव्हता.

"हिरवा," ती म्हणाली.

"कोणता हिरवा? हिरवे शंभर असतात."

तिने नळी खिडकीकडे धरली. "ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे कपडे येतात ना दुकानात. नवे नाही. दहाबारा धुण्यांनंतर होतात तसा."

बाबांनी डोळे मिटून तो रंग बघितला. "म्हणजे कार्डावर चौथा. वाईट आहे." त्यांनी डोळे उघडले. "पाणी तर एवढं स्वच्छ होतं. झालं कशाने?"

आता खोटं बोलणं सोपं होतं. खाणं जास्त पडलं असेल, पंप जुना झालाय, आधीच आजारी मासा असेल. तिच्या तोंडाशी तिन्ही आली. पण हा माणूस नुकताच म्हणाला होता की खरं विचारायचं तर तुला. आयुष्यभर हवी होती ती जागा तिला आत्ता, या खुर्चीत मिळाली होती, आणि तिथे बसून पहिलं वाक्य बोलायचं ते खोटं, हे तिला जमेना. खरं बोललं तर ती जागा कदाचित आजच जाणार होती.

"मी स्पंज नळाखाली धुतला," ती म्हणाली. "धाकटीने नको म्हणून लिहिलं होतं. दोनदा रेघ मारली होती. मी वाचलं होतं."

"मग?"

"मला राग आला होता. तुम्ही इथे बोलता. खाली बोलत नाही. धाकटी नळी बुडाशी धरते म्हणालात." हे बोलताना आपण पन्नास वर्षांच्या आहोत हे तिला आठवलं. "मासे मारायचे नव्हते मला. पण तिचं काहीतरी बिघडलं असतं तर चाललं असतं. तसंच वाटत होतं."

बाबा टाकीच्या काचेजवळ वाकले. साहेब तळाशी होता, पण एक पंख हलवत होता.

"वाईट केलंस," ते म्हणाले. "मुका जीव गेला. धाकटीला तू स्वतः सांग, मी सांगणार नाही." मग ते उठले, बाही दुमडायला लागले. "बादली कुठेय? संध्याकाळचं पाणी आत्ताच बदलू."

त्यांनी बादली उचलली नाही, तिने उचलू दिली नाही, पण पाणी ओढायची नळी त्यांनी धरली, औषधाचे थेंब त्यांनी मोजले. थेंब मोजायला रंग लागत नाही. पुढचे दोन दिवस दोघांनी हेच केलं, सकाळी आणि चारला. ती रंग सांगायची, ते आकडा सांगायचे. आज डॉक्टरांचा हिरवा नाही, जुन्या टॉवेलचा आहे. आज कच्च्या पेरूच्या आतला. मधल्या पाच मिनिटांत ते बोलायचे, कारखान्यातलं, आईबद्दल, एकदा तर स्वतःच्या डोळ्यांबद्दलही. तपासायला जायचं का, असं तिने विचारलं, तर ते खोली सोडून गेले नाहीत. विचार करतो म्हणाले. ती त्यांच्याशी गोड वागली असं अजिबात नाही. दोनदा भांडलीसुद्धा, पाणी किती बदलायचं यावरून.

धाकटी दहाव्या दिवशी दुपारी आली. बॅग खाली ठेवायच्या आत थोरलीने तिला सांगितलं.

"स्पंज मी धुतला होता. चिठ्ठी वाचून धुतला. फोनवर खोटं बोलले."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे म्हणू नकोस. रागव."

धाकटी रागावली. मनापासून रागावली, त्या लहान माशाचं नाव घेऊन, आणि मग रडली. थोरली उभी राहून ऐकत होती. धाकटीचं मोठं मन सोसण्यापेक्षा हे तिला कितीतरी बरं वाटलं.

चारला तिघं टाकीसमोर जमली. धाकटीने डोळे पुसून नळी भरली, थेंब टाकले, पाच मिनिटं मोजली आणि बुडाशी धरून नळी बाबांच्या हातात दिली.

बाबांनी ती कार्डाजवळ नेली, मान तिरकी केली.

"पिवळा," ते म्हणाले.

"बरोब्बर, बाबा," धाकटी लगेच म्हणाली.

थोरली मागे उभी होती. चहा झाला, धाकटीने प्रशिक्षणातल्या गमती सांगितल्या, बाबा माशांशी बोलले. सहाला ती आणि बाबा खाली निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा थांबले, वरचं दार बंद झाल्याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणून विचारलं,

"कोणता होता?"

"पिवळा."

"उगाच नको सांगूस."

"मी कशाला उगाच सांगेन? पिवळा होता बाबा. हिरव्याचा लवलेश नव्हता."

बाबा जिन्यात तसेच उभे राहिले. दोन वर्षांत त्यांनी सातशे वेळा तरी पिवळा म्हटलं असेल, आणि सातशे वेळा त्यांना बरोबर म्हटलं गेलं होतं.

"म्हणजे आज मी बरोबर सांगितला," ते म्हणाले.

"हो," थोरली म्हणाली. "आज बरोबर सांगितलात."